शेगडी मी ठेवली होती

दादा,

तुझ्या तेराव्याला गावातल्या बायका मायजवळ बसल्या होत्या आणि माय त्यांना तीच गोष्ट सांगत होती. "माझ्या बालाजीनं मला निखाऱ्यावर ठिवलं आन येळवस खायला गेला." ओसरीच्या एका टोकाला तुझा फोटो, त्याला हार, पुढं दिवा. दुसऱ्या टोकाला बाजेवर आपली माय. एकजण म्हणाली, "जाऊ द्या मावशी, गेलेल्या माणसाचं बोलू नये." माय म्हणाली, "न्हाई बोलत. पण पाठ तर माझीच जळली ना?" मग तिनं मला हाक मारली. मी पंक्तीत वाढत होते, हातात वरणाची बादली होती. तिनं माझा दुसरा हात धरला आणि बायकांना म्हणाली, "ही होती म्हून वाचले मी."

बायकांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. मला तुझा राग आला. फोटोत तू नेहमीसारखा, कुणीतरी चेष्टा करणार आहे हे आधीच कळल्यासारखा हसत होतास. वाटलं, फोटो उचलावा आणि उलटा करून ठेवावा. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण जिवंत असताना तू चिडूच दिलं नाहीस, मग मी दुसरं कधी चिडायचं?

लहानपणी तू माझी एक चुगली सोडली नाहीस. सुमननं गूळ खाल्ला, सुमननं पाटी फोडली, सुमन शाळेला न जाता बोरं खाऊन राहिली. माय घरात यायच्या आत तू वेशीपर्यंत पळत जाऊन तिला सांगायचास. तुझ्यामुळं मी किती मार खाल्ला त्याचा हिशोब नाही. आणि ज्या एका दिवशी सांगायला पाहिजे होतं, नेमकं त्या दिवशी तुझं तोंड शिवलं. असला कसला भाऊ तू?

दोन वर्षांपूर्वी मायच्या मणक्याचं ऑपरेशन झालं ते लातूरला. तुम्ही तिला जळकोटकडच्या आपल्या गावी आणलंत, आणि मी नांदेडहून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायला लागले. दादा, उशी जाड नको. दादा, दूध हळद घालून दे. दादा, तिला फार चालवू नको. तू "हाव, हाव" म्हणायचास आणि करायचास तेच जे दवाखान्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होतास. अंघोळीनंतर ओल्या अंगानं लोक देवापुढं जातात, तू कपाटापुढं जायचास.

मी रजा काढून आले तेव्हा पहिल्यांदा बघितलं तुझं काम. कूस बदलायची तर खांदे आणि कंबर एकदम वळवायची, हे तू वहिनीलाही शिकवलं होतंस. कमरेचा पट्टा आधी स्वतःला बांधून बघितला होतास, किती आवळला म्हणजे श्वास अडतो ते कळावं म्हणून. सकाळी मायचे दोन्ही हात धरून, तिच्याकडं तोंड करून, तू मागं मागं चालायचास. ओसरीपासून तुळशीपर्यंत. पन्नाशीचा बाप्या अंगणात उलटा चालतोय म्हणून शेजारची पोरं हसायची. तू मायची वेणी घातलीस तेव्हा तर गंगाकाकू पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बाई, बालाजीला तर पोरगीच व्हायचं होतं." तू म्हणालास, "काकू, तुमचीबी घालून दिऊ का?" माय खुदकन हसली, तर पाठीत कळ आली, आणि तू घाबरून सगळ्यांवर ओरडलास. हसवायचं न्हाई कुणी तिला, म्हणून.

हे आठवलं की तुझे आभार मानावेत असं वाटतं आणि तेवढ्यातच पुढचं आठवतं.

येळवसेला, मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, तीन दिवस होते. थंडी कडक पडली होती. मायला सारखं शेकून घ्यायचं होतं. "थंडी हाडात शिरून राहिली रे, वाईच शेगडी ठिव खाली." तू म्हणायचास, "न्हाई माय. शेकायचं न्हाई म्हून लिवलंय." मला ते पटेना. आपल्या दोघांच्या वेळची स्वतःची बाळंतपणं मायनं बाजेखाली शेगडी ठेवूनच काढली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं मला तसंच शेकलं, निखाऱ्यावर ओवा टाकून. त्यानंतर माझी कंबर कधी दुखली नाही. मग कंबरेला शेक वाईट कसा?

"बाळंतीण न्हाई ती, सुमन," तू म्हणालास. "टाके हायेत. डावीकडं बधिर हाय. चटका बसला तरी तिला कळायचा न्हाई."

"तुला काय कळतं बाळंतिणीचं?" मी म्हणाले.

"मला कळत न्हाई म्हूनच कागद वाचतो."

"कागद लिहिणाऱ्याच्या मायला शेकलं नसंल कुणी."

तू गप्प बसलास. दहावी शिकलेला भाऊ, आणि बहीण एम. एस्सी., नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. उष्णता धातूतून कशी वाहते, हवेतून कशी वर चढते, हे मी दरवर्षी वर्गात स्टोव्ह पेटवून दाखवते. घरातल्या वादात शेवटचा शब्द माझाच असायचा. तू गप्प बसलास म्हणजे तू हरलास, असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशीही शेगडी कोपऱ्यातच होती आणि माय कुडकुडत होती, तेव्हा तू हरला नव्हतास हे कळलं आणि मला ते टोचलं.

मग येळवस आली. त्या दिवशी गावात कोण राहतं? सकाळीच घराघराला कुलपं लागली. ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटारसायकली, सगळं शिवाराकडं. चाळीस वर्षं आंबिलीचं मडकं मायच्या डोक्यावर गेलं होतं, त्या वर्षी ते वहिनीनं उचललं. माय पलंगावरून बघत होती. "सांडू नको गं," एवढंच म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं केलं. तू जाताना मला बजावलंस, "पूजा झाली की लगीच येतो. पयली आंबील मायला. तवर नुसतं बस तिच्याजवळ." नुसतं बस. तुझा तो शब्दही मला टोचला होता, हे आज सांगते.

अकराला मी तिला दुखण्याची, गाढ झोप आणणारी गोळी दिली. पलंगाच्या फळीतून शेक लागणार नाही म्हणून आधीच तिला धरून ओसरीतल्या बाजेवर आणलं होतं. उन्हात पड थोडी, असं तिला सांगितलं. ती बाजेवर झोपली. मग मी चुलीतले निखारे शेगडीत भरले, वर राख टाकली, ओवा टाकला, आणि शेगडी बाजेखाली सरकवली. ती उठेल तेव्हा पाठ ऊबदार झालेली असेल, "कुणी गं केलं हे?" म्हणेल, आणि तू शेतातून आलास की तुला ऐकवता येईल. एवढंच डोक्यात होतं. तिच्या दुखण्याचं मला वाईट वाटत होतं, खोटं नाही. पण तिच्या दुखण्याहून तुझा तो कागद माझ्या डोळ्यांपुढं जास्त होता.

शाळेतून फोन आला. ओसरीत रेंज येत नव्हती म्हणून मी बाहेरच्या ओट्यावर गेले. बाईंशी परीक्षेच्या पेपरचं बोलता बोलता सुट्टीचं निघालं, मग कुणाच्या लग्नाचं. अर्धा तास असेल, जास्तही असेल. गाव रिकामं होतं, वास आला तरी ओरडणारं कुणी नव्हतं.

तू मागच्या दारानं आलास. लोखंड घासल्याचा आवाज ऐकून मी आत धावले तेव्हा तू लोखंडी शेगडी दोन्ही हातांनी, नुसत्या हातांनी, बाजेखालून ओढत होतास. खालची वाकळ काळी पडून धुमसत होती. तू तांब्यातलं पाणी ओतलंस, चर्र झालं, आणि त्या आवाजानं माय जागी झाली. ती भाजली होती आणि तिला कळलंही नव्हतं. तिनं मान वळवली तर पहिल्यांदा तिला काय दिसलं? तू, आणि तुझ्या हातात शेगडी.

"कुणी ठिवली ही?" ती म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं, दादा. हे मी स्वतःला दोन वर्षं सांगत आलेय, की मी तोंड उघडलं होतं आणि तू मध्येच बोललास. पण उघडलेल्या तोंडातून काय निघालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित नुसतं रडू निघालं असतं. तू म्हणालास, "मी. तू निजल्यावर येऊन ठिवून गेलतो. तुला थंडी वाजून राहिली म्हून."

तू शेतातून आणलेली आंबील मागच्या दाराशी तशीच राहिली. कुणी तोंडाला लावली नाही.

लातूरला जाताना जीपमध्ये माय मधल्या सीटवर पालथी आणि आपण दोघं मागं. तुझे हात फोडांनी भरले होते. मी हळूच म्हणाले, "दादा, कामून म्हणालास तू?" तू खिडकीबाहेर बघत होतास. शेताशेतांतून कडब्याच्या कोपी दिसत होत्या, माणसं जेवत होती. तू म्हणालास, "तुझं माहेर तुटंल बाई. माझं काय, मी हितंच हाय. चार दिस बोलंल, मग बोलायचं बंद हुईल. तिला माझ्याबिगर कोण हाय?"

चार दिवस म्हणालास. दोन वर्षं झाली.

मायच्या जखमेत पू झाला. मांडीची कातडी काढून पाठीला लावली. परत घरी आली ती डावा पाय ओढतच. आणि त्यानंतर तिनं तुला अंगाला हात लावू दिला नाही. तुळशीपर्यंतचं चालणं बंद झालं, वेणी बंद झाली. तू ताट आणलंस की ती ताटाकडं बघायची नाही. "ठेव तिथं," म्हणायची. तू पलंगाजवळच्या स्टुलावर ताट ठेवून बाहेर जायचास, तेव्हा कुठं ती जेवायची. वहिनी तुला म्हणायची, मी देते, कामून तुम्ही अपमान करून घिऊन राहिलात? तू म्हणायचास, "ऱ्हाऊ दे. एक ना एक दिवस हातातून घील." दिवसातून दोन वेळा, दोन वर्षं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि माझं काय चाललं होतं, ते सांगू? पंचमीला मी माहेरी आले की माय माझ्या अंगावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची. मी तिच्या ताटातलं जेवायचे. तू दारात उभा असायचास. भेटायला आलेल्यांना ती सांगायची, सुमननं वरडून गाव गोळा केलं. रिकामं गाव मी कसं गोळा केलं, हे कुणी विचारलं नाही. तू पण नाही.

मी तुला फोनवर कितीदा म्हणाले, "दादा, सांगून टाकते मी मायला." तू दर वेळी तेच म्हणायचास. "सांगून काय करतीस? माझं तर मोडलंच हाय, तुझंबी मोडंल." आणि मी म्हणायचे, "बरं, तू म्हणतोस तर." खरं सांगू? फोन ठेवताना मला सुटल्यासारखं वाटायचं. तू नाही म्हणणार हे माहीत असायचं, म्हणून तर मी विचारायचे.

इथवर लिहिलं आणि वाटलं, सगळा दोष तुझ्यावर टाकून मोकळी होते आहे. तू बोलला नाहीस, तू अडवलंस, तू मला गुंतवलंस. चोराच्या उलट्या बोंबा. कारण शेवटचा फोन अजून सांगितला नाही.

तू जायच्या चार दिवस आधीचा तो फोन. तू खुशीत होतास. "यंदा मायला शेतात न्यायचं," म्हणालास. "ट्रॉलीत गाद्या टाकू. तिच्यासाठी खुर्ची नेऊ. कोपीसमोर बसंल आन बघंल तरी." मी म्हणाले, ती तुझ्याबरोबर येईल का? तू मग म्हणालास, "सुमन, यंदा सांगून टाकतीस का तिला? मी आता दमलो गं."

दोन वर्षांत पहिल्यांदा तू मागितलंस. दादा, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? पंचमी आली. मायचा तो कानशिलावरचा हात आला. मी म्हणाले, "बघू. येळवसेला सुट्टी मिळते का बघते, मग समोरासमोर बोलू."

तू म्हणालास, "हाव. बघ." आणि वहिनीची तब्येत, शाळेचं, पावसाचं असं काहीबाही बोलून फोन ठेवलास. चौथ्या दिवशी छातीत दुखतंय म्हणून तुला गाडीत घातलं, ते लातूरपर्यंत पोचलासच नाहीस. मी नांदेडहून निघाले तेव्हा तू होतास, आणि आले तेव्हा अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. माय पलंगावरून म्हणत होती, "बालाजी, ऊठ रे, लई झालं आता." ती तुझ्यावर रागावलेली होती तरी तिचा आवाज सबंध गल्लीत ऐकू येत होता. पण तेराव्याला तिनं पुन्हा तेच सुरू केलं. निखारे आणि येळवस. जणू तेवढंच तिच्याजवळ तुझं उरलं आहे.

त्या दिवशी वरणाची बादली खाली ठेवून मी मागं गेले आणि भांडी घासणाऱ्या वहिनीला सांगितलं, मी मायला सांगणार आहे. तिनं वर बघितलं नाही.

"मला म्हायती हाय," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी सांगितलं ह्यांनी. हात भाजलेले, भाकर मोडता येत नव्हती, मी घास भरवत होते तवा. शपथ घातली हुती, म्हून गप्प बसले. न्हाईतर ताई, तुमाला फोन करून शिव्या द्याव्या वाटायच्या रोज."

"मग द्यायच्या होत्यास ना."

"आता दिऊन काय करू?" ती म्हणाली, आणि राखेनं भगुणं घासत राहिली.

पाहुणे गेल्यावर, उन्हं उतरताना, मी मायच्या पायाशी बसले. सांगितलं. शेगडी मी ठेवली होती. निखारे मी भरले, ओवा मी टाकला. तू शेतात होतास आणि तुला काही माहीत नव्हतं. तुझे हात ती ओढतानाच भाजले. सगळं एका दमात सांगितलं, वर्गात पाठ म्हणतात तसं, कारण थांबले असते तर पुढचं आलं नसतं. मला वाटलं होतं ती मारेल. मारावं असं वाटत होतं.

तिनं एकच विचारलं. "त्यानं आंबील आणली हुती त्या दिशी?"

"हो माय. पहिली तुझ्यासाठी."

"मी पेले न्हाई."

"नाही."

मग ती भिंतीकडं तोंड करून पडली. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकदम वळवली, तू शिकवल्यासारखी. तुझ्या फोटोकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिचं ताट वाढलं. ज्वारीची भाकर, पातळ पिठलं, लसणाची चटणी. तिच्या पलंगापाशी नेऊन हात पुढं केला.

"ठेव तिथं," माय म्हणाली.

मी स्टुलावर ताट ठेवलं. लाकडावर गोल डाग पडला आहे, दोन वर्षांचा, ताट आपोआप त्याच्यावरच बसलं. मी बाहेर आले आणि कुठं जावं ते कळेना. वहिनी चुलीपाशी होती. तिनं हातातल्या उलथन्यानं दाराच्या मागची जागा दाखवली. "हितं उभं ऱ्हायचे ते," ती म्हणाली. "तिनं भाकर मोडली का आवाज येतो हितपर्यंत. तो आला का मग आपलं जेवायला बसायचे."

मी तिथं जाऊन उभी राहिले, दादा. भिंतीला तुझ्या डोक्याच्या उंचीवर तेलकट डाग आहे, माझ्या डोक्याच्या थोडा वर. वहिनीनं दोन भाकरी थापल्या, भाजल्या, तवा उतरवला. आतून काही आवाज आला नाही.